अंतराळातलं घर कोणाचं? : पाहुणा, गिऱ्हाईक आणि भाडेकरू



या मालेतल्या मागच्या व्याख्यानात आपण १९६७ च्या बाह्य अवकाश करारापर्यंत येऊन थांबलो होतो. आज तिथून पुढे जायचं आहे. विषय आहे माणसांना घेऊन जाणाऱ्या खाजगी अंतराळमोहिमा, आणि उद्या त्या ज्यांच्या दारात उभ्या राहणार आहेत ती खाजगी अंतराळस्थानकं. विषय तंत्रज्ञानाचा वाटतो. आमचं शिक्षण तत्त्वज्ञानातलं, त्यामुळे इंजिनं आणि इंधन याबद्दल आमच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. आम्हाला यातला एकच प्रश्न सतावतो, आणि तो एका बारा वर्षांच्या मुलीने आमच्यापुढे ठेवला.

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा सोयूझ टी-११ मधून सॅल्यूट-७ या सोव्हिएत स्थानकावर गेले. आम्ही तेव्हा नुकतेच प्राध्यापकीत रुळत होतो. चाळीत टीव्ही एकाच घरी, आणि त्या घरात त्या संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. इंदिराबाईंनी विचारलेला प्रश्न आणि शर्मांनी दिलेलं उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे, ते पुन्हा सांगत नाही. आमच्या बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या काकू डोळे पुसत होत्या, एवढं मात्र लक्षात आहे.

मग २५ जून २०२५, दुपारचे बारा. शुभांशु शुक्ला फ्लोरिडाहून निघाले. आमची नात सकाळची शाळा आटपून आली होती. आम्ही दोघं मोबाईलवर उड्डाण बघत होतो. आमचा गळा दाटून आला होता. नातीने विचारलं, "आजोबा, तिकीट कितीचं होतं?"

खरं सांगतो, आम्हाला राग आला. रात्री विचार केल्यावर लक्षात आलं की प्रश्न अगदी योग्य होता. १९८४ साली हा प्रश्न आम्हाला सुचलाच नव्हता. का सुचला नव्हता, आणि आता तो का सुचतो, याचा इतिहास आज बघू.

दिलेली जागा

शर्मांची जागा ही सोव्हिएत संघाने दिलेली जागा होती. कार्यक्रमाचं नाव इंटरकॉसमॉस. मार्च १९७८ मध्ये चेकोस्लोव्हाकियाचे व्लादिमीर रेमेक गेले, त्यानंतर पोलंडचे मिरोस्लाव हेरमाशेव्स्की, १९८० मध्ये हंगेरीचे बेर्तालान फारकाश. ही नावं लक्षात ठेवा, पोलंड आणि हंगेरी पुन्हा येणार आहेत. पुढे व्हिएतनाम, क्यूबा, मंगोलिया अशी मित्रराष्ट्रांची माणसं एकामागोमाग एक वर गेली. तिकीट नव्हतं, पण फुकटही नव्हतं. मैत्री हीच किंमत होती, आणि ती किंमत राजकारणात वळती व्हायची.

त्या काळी एक विनोद सांगत. परत आलेल्या पाहुण्या अंतराळवीराचे हात लाल का? तर तो कशालाही हात लावायला गेला की यजमान चापट मारून म्हणायचे, हात लावू नकोस. विनोद बाजूला ठेवला तरी मुद्दा खरा आहे. पाहुण्याला मान असतो, अधिकार नसतो. पाहुणा स्वयंपाकघरात डोकावून 'गॅसची नळी तपासली का हो?' असं विचारत नाही. शर्मांनी काम केलं, भारताची छायाचित्रं घेतली, योगासनांचे प्रयोग केले. पण यान, स्थानक, त्यांची सुरक्षितता, यातलं काहीही विचारण्याची भारताची जागा नव्हती.

विकलेली जागा

मग सोव्हिएत तिजोरी रिकामी व्हायला लागली. २ डिसेंबर १९९० रोजी तोयोहिरो अकियामा हे जपानी पत्रकार मीर स्थानकाकडे निघाले. पैसे भरले होते त्यांच्या टीबीएस या दूरचित्रवाणी कंपनीने. पाच महिन्यांनी, मे १९९१ मध्ये, हेलन शार्मन ही ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ गेली. तिच्या मोहिमेचा खर्च ब्रिटनमधल्या प्रायोजकांनी उचलायचा असं ठरलं होतं. पैसे पुरेसे जमले नाहीत. मॉस्कोने तरीही तिला नेलं. विक्रीच्या व्यवहारात पाहुणचाराचा थोडा अंश तेव्हा शिल्लक होता, असं म्हणायला हरकत नाही.

आता येतो तो प्रसंग, जो आमच्या मते या सगळ्या इतिहासाचा कणा आहे, आणि ज्याची आठवण फार थोडे लोक काढतात. मीर १९८६ साली कक्षेत गेलं. १९९९ पर्यंत ते जुनं झालं होतं. रशियाला नव्या आंतरराष्ट्रीय स्थानकाची जबाबदारीही पार पाडायची होती, आणि दोन्ही चुली पेटत्या ठेवायला पैसे नव्हते. मीर रिकामं करून ठेवलं. तेव्हा मीरकॉर्प नावाची कंपनी उभी राहिली. मोठा हिस्सा रशियाच्या एनर्जिया कंपनीचा, भांडवल पश्चिमेकडचं. गुंतवणूकदारांमध्ये चिरंजीव कथुरिया हे भारतीय वंशाचे अमेरिकन गृहस्थही होते. या कंपनीने मीर चक्क भाड्याने घेतलं.

४ एप्रिल २००० रोजी सर्गेई झाल्योतिन आणि अलेक्सांद्र कालेरी हे दोघे मीरवर निघाले. खाजगी पैशाने स्थानकावर गेलेली ही पहिली मोहीम. लोकांना वाटतं पहिला खाजगी प्रवासी म्हणजे कोणी धनाढ्य पर्यटक. तसं नाही. पहिल्या खाजगी मोहिमेवर गेले ते दोन अनुभवी अंतराळवीर, आणि गेले ते घराची डागडुजी करायला! त्यांनी हवेची एक बारीक गळती शोधून बंद केली, मे महिन्यात बाहेर पडून स्थानकाच्या अंगाची पाहणी केली, आणि जूनच्या मध्यावर ते परतले. सुमारे ७३ दिवस.

गिऱ्हाईकं नंतर येणार होती. डेनिस टीटो नावाच्या अमेरिकन गुंतवणूकदाराशी ठरलं होतं. एक दूरचित्रवाणी स्पर्धा घेऊन विजेत्याला वर पाठवायचीही योजना होती. पण वर्षभर स्थानक जिवंत ठेवायला जो पैसा लागतो, तो एका तिकिटातून निघत नाही. पैसा आटला, रशियाने निर्णय घेतला, आणि २३ मार्च २००१ रोजी मीर दक्षिण प्रशांत महासागरात उतरवलं गेलं. जळून उरलेले तुकडे समुद्रात पडले.

यातून काय दिसतं? एका फेरीचे पैसे उभे करता येतात. घर चालवायचे पैसे उभे करणं वेगळं. ज्यांनी चाळीत किंवा जुन्या वाड्यात दिवस काढले आहेत त्यांना हे समजावून सांगायला नको. भाडं देणारे असतात. गळकं छप्पर कोणी शाकारायचं, हा प्रश्न आला की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

टीटो आणि आमची चूक

मीर गेल्यावर टीटो यांची जागा आंतरराष्ट्रीय स्थानकाकडे वळवली. नासाला ते मान्य नव्हतं. मार्च २००१ मध्ये ह्यूस्टनमध्ये टीटोंना प्रशिक्षणाला बसू दिलं नाही, तेव्हा कमांडर तल्गात मुसाबायेव यांनी, पूर्ण पथक असल्याशिवाय आम्हीही बसणार नाही, अशी भूमिका घेतली. शेवटी तोडगा निघाला. अमेरिकेच्या भागात सोबतीशिवाय फिरायचं नाही, आणि काही मोडलं तर भरपाई द्यायची, असं टीटोंकडून लिहून घेतलं. २८ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या साठाव्या वर्षी, ते गेले. किंमत तेव्हा २ कोटी डॉलर सांगितली गेली.

आम्ही त्या वर्षी वर्गात मोठ्या आवेशात सांगितलं होतं, की हे अध:पतन आहे. १९६७ च्या करारात अंतराळवीराला मानवजातीचा दूत म्हटलंय, आणि इथे दूताच्या जागी पर्यटक बसला! वर्गातल्या एका विद्यार्थ्याने शांतपणे विचारलं, "सर, १९८४ चे दूत तरी सगळ्या मानवजातीचे होते का, की फक्त एका गटाचे?" आम्ही उत्तर टाळलं. आज इतक्या वर्षांनी ते द्यायचा प्रयत्न करतो आहोत.

दरपत्रक

टीटोंनंतर २००९ पर्यंत आणखी सहा जण पदरचे पैसे भरून गेले. त्यात मार्क शटलवर्थ होते, अनुशेह अन्सारी होत्या, आणि चार्ल्स सिमोनी तर दोनदा गेले. मग खंड पडला. २०११ मध्ये अमेरिकेची शटलयानं निवृत्त झाली आणि सोयूझमधली प्रत्येक जागा सरकारांनाच लागायला लागली.

याच काळात रॉबर्ट बिगेलो नावाचे हॉटेलव्यावसायिक फुगवता येणारी स्थानकं बनवत होते. २००६ आणि २००७ मध्ये त्यांनी दोन नमुने कक्षेत पाठवले, २०१६ मध्ये एक खोली आंतरराष्ट्रीय स्थानकाला जोडली गेली. खोली तयार होती, पण माणसांना तिथे नेणारी गाडी नव्हती. मार्च २०२० मध्ये कंपनीने सगळ्या कर्मचाऱ्यांना घरी पाठवलं. आणि त्याच वर्षी ३० मे रोजी स्पेसएक्सचं ड्रॅगन पहिल्यांदा माणसं घेऊन उडालं. गाडी आली, तोवर हॉटेल बंद पडलं होतं.

त्याआधी, जून २०१९ मध्ये, नासाने स्थानक व्यापारासाठी खुलं केलं आणि चक्क दरपत्रक लावलं. हवापाणी आणि शौचालय, माणशी दिवसाला ११,२५० डॉलर. अन्न, औषधं आणि इतर सामान, २२,५०० डॉलर. वीज युनिटला ४२ डॉलर. दोन वर्षांत हे दर बदलले, कारण यात खरा खर्च भरून निघत नव्हता. पण त्या पहिल्या ओळीकडे नीट बघा. हवा! माणसाने श्वासाचा दर ठरवला.

इथे आम्हाला कांट आठवतो. १७९५ साली शाश्वत शांततेवरच्या निबंधात त्याने एक भेद केला. परक्या माणसाला दुसऱ्याच्या देशात पाहुणा म्हणून राहण्याचा हक्क नाही, त्याला यजमानाची संमती लागते. पण भेटीला येण्याचा, शत्रूसारखी वागणूक न मिळण्याचा हक्क मात्र प्रत्येकाला आहे. का? तर पृथ्वी गोल आहे, तिचा पृष्ठभाग मर्यादित आहे, माणसं एकमेकांपासून अनंत दूर पांगू शकत नाहीत, आणि मुळात जमिनीच्या एखाद्या तुकड्यावर एकाचा दुसऱ्यापेक्षा जास्त हक्क नव्हता.

हा युक्तिवाद सुमारे ४०० किलोमीटर वर नेला तर कोसळतो. तिथे आधी सगळ्यांची असलेली जमीनच नाही. जे आहे ते सगळं कोणीतरी बनवलेलं, कोणीतरी दुरुस्त करत असलेलं. इथे पाहुणा आला तर पाटावर जागा लागते, ताटात भात लागतो. तिथे पाहुण्याला श्वास लागतो, आणि तो श्वास यजमानाच्या यंत्रातून येतो. म्हणून तिथे जो यंत्र चालू ठेवतो, त्याच्या हाती पृथ्वीवरच्या कुठल्याही घरमालकापेक्षा जास्त सत्ता असते.

गिऱ्हाईक कोण?

८ एप्रिल २०२२ रोजी ॲक्सिऑम कंपनीची पहिली मोहीम निघाली. कमांडर मायकेल लोपेझ-अलेग्रिया, नासाचे माजी अंतराळवीर, आणि बरोबर तीन श्रीमंत गृहस्थ. प्रत्येक जागेची किंमत ५.५ कोटी डॉलर सांगितली गेली. मुक्काम हवामानामुळे लांबला आणि सगळी मोहीम सतरा दिवसांची झाली. स्थानकावरच्या मूळ रहिवाशांचा वेळ या पाहुण्यांच्या मदतीत अपेक्षेपेक्षा जास्त गेला. नंतर नासाने नियम केला, की खाजगी मोहिमेचा कमांडर नासाचा माजी अंतराळवीरच हवा.

दुसरी मोहीम मे २०२३ मध्ये. चारपैकी दोन प्रवासी सौदी सरकारने पाठवलेले, त्यात रय्याना बर्नावी ही पहिली सौदी महिला. तिसरी जानेवारी २०२४ मध्ये, इटली, तुर्कस्तान आणि स्वीडनची माणसं. चौथी जून २०२५ मध्ये. कमांडर पेगी व्हिट्सन, वैमानिक शुभांशु शुक्ला, आणि बरोबर पोलंडचे स्लावोश उझनान्स्की-विश्निएव्स्की आणि हंगेरीचे तिबोर कापू. बघा, भारत, पोलंड, हंगेरी! इंटरकॉसमॉसमधले तीन जुने पाहुणे, चाळीसेक वर्षांनी पुन्हा एकत्र, या वेळी तिकीट काढून.

म्हणजे 'खाजगी मोहीम' या शब्दामागे चार मोहिमांत काय झालं? पहिल्या मोहिमेत धनिक होते, चौथीत तिन्ही जागा सरकारांच्या होत्या. विकणारा खाजगी झाला, घेणारा बहुतेक वेळा सरकारच राहिला. भारताने सुमारे साडेपाचशे कोटी रुपये खर्च केल्याच्या बातम्या आल्या. नातीला आम्ही तोच आकडा सांगितला.

यात आपलं काय गेलं आणि काय मिळालं? आम्हाला वाटायचं फक्त गेलंच. पण त्या जूनमध्ये काय झालं ते आठवा. फाल्कन रॉकेटच्या चाचणीनंतर द्रवरूप ऑक्सिजनची गळती सापडली. इस्रोच्या पथकाने दुरुस्ती आणि त्यानंतर पुन्हा गळतीची चाचणी यांचा आग्रह धरला. उड्डाण पुढे गेलं. त्यातच स्थानकाच्या जुन्या रशियन भागातली हवेची गळती निघाली, आणखी थांबावं लागलं. इकडे समाजमाध्यमांवर चेष्टा चालली होती. आम्हाला मात्र तो भारताच्या अंतराळ-इतिहासातला मोठा क्षण वाटला. १९८४ चा पाहुणा गॅसच्या नळीबद्दल विचारू शकत नव्हता. २०२५ च्या गिऱ्हाइकाने विचारलं, आणि त्याला उत्तर द्यावं लागलं. आमच्या त्या विद्यार्थ्याला आज आम्ही एवढं तरी कबूल करू, की दानात मिळालेली जागा माणसाला गप्प बसवते, आणि विकत घेतलेली जागा त्याला बोलायचा हक्क देते.

पण उत्तराचा दुसरा भागही आहे. गिऱ्हाइकाला विचारायचा हक्क मिळतो, राहायचा मिळत नाही. पंढरपूरच्या धर्मशाळेत आणि स्टँडसमोरच्या लॉजमध्ये हाच फरक आहे. लॉजवाल्याला तुम्ही पाणी गरम का नाही म्हणून जाब विचारू शकता. पण मालकाने उद्या लॉज बंद केलं, तर तुमचं म्हणणं ऐकायला तिथे कोणी नसतं.

उद्याचं घर

आणि हे उद्या येऊन ठेपलं आहे. आंतरराष्ट्रीय स्थानकात २ नोव्हेंबर २००० पासून एक दिवसही खंड न पडता माणसं राहत आली आहेत. २०३० नंतर ते खाली आणायचं ठरलं आहे. खाली आणणारं यान बनवायला नासाने २०२४ मध्ये स्पेसएक्सला ८४.३ कोटी डॉलरपर्यंतचं कंत्राट दिलं. त्याच्या जागी नवी सरकारी वास्तू अमेरिकेने बांधायची नाही, असं ठरलं होतं. खाजगी कंपन्यांनी बांधायचं, नासाने भाडेकरू व्हायचं. डिसेंबर २०२१ मध्ये तीन गटांना मिळून सुमारे ४१.५ कोटी डॉलर दिले गेले. त्यातला एक गट पुढे दुसऱ्यात मिसळून गेला. ॲक्सिऑम आधी जुन्या स्थानकाला खोली जोडून मग वेगळं व्हायचं म्हणते. व्हास्ट कंपनीचं हेवन-१ हे एका खोलीचं छोटं स्थानक, चार जणांनी दोन-दोन आठवडे राहण्यासाठी. त्याची उड्डाणाची तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेली आहे.

म्हणजे बांधायला सरकारचा पैसा, चालवायला सरकारचं भाडं, आणि जुनं घर मोडायलाही सरकारच. १९६७ च्या कराराचं सहावं कलम आपण मागच्या वेळी पाहिलं. खाजगी कंपनीने अंतराळात काहीही केलं तरी जबाबदारी त्या कंपनीच्या राष्ट्राची, आणि देखरेखही त्याचीच. पण अमेरिकेच्या २००४ च्या कायद्यात प्रवाशाला लेखी कळवायचं असतं, की हे यान माणसं नेण्यासाठी सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र सरकारने दिलेलं नाही. प्रवासी सही करतो. एका कागदावर राष्ट्र म्हणतं जबाबदारी माझी, दुसऱ्या कागदावर म्हणतं तुझं तू बघ. १९६८ च्या बचाव करारात संकटातल्या यानाच्या 'कर्मचाऱ्यांना' मदत करायची आहे. पैसे भरून बसलेला प्रवासी कर्मचारी आहे का, यावर कायदेपंडितांत आजही वाद आहे.

समजा उद्या स्थानक चालवणारी कंपनी बुडाली. मीरकॉर्प संपली तेव्हा मीरवर कोणी नव्हतं. बिगेलोंच्या दोन्ही नमुन्यांत माणूस राहिलाच नाही. पुढच्या वेळी वर चौघं असतील तर? आणि हवेची किंमत वेळेवर भरली गेली नाही तर? हा प्रश्न आत्ता विचारायला हवा, कारण घर अजून बांधून झालेलं नाही आणि करारावरची शाई वाळलेली नाही.

दिलेल्या जागेचा काळ संपला असंही समजू नका. चीनचं तियांगोंग स्थानक सरकारी आहे, आणि पाकिस्तानच्या अंतराळवीराला तिथे नेण्याचा करार फेब्रुवारी २०२५ मध्ये झाला. म्हणजे एकीकडे पाहुणचार आहे त्याच्या राजकारणासकट, दुसरीकडे दुकान आहे त्याच्या दरपत्रकासकट. भारताने २०३५ पर्यंत स्वत:चं स्थानक उभं करायचं ठरवलं आहे. तेव्हा आपणही घरमालक होऊ. आपल्या दाराशी कोणी नेपाळी, कोणी केनियन उभा राहील. आपण त्याला गप्प बसणारा पाहुणा करणार, की बिल भरणारा गिऱ्हाईक?

आम्हाला तिसरी वाट शक्य वाटते, आणि ती आपल्या माहितीतली आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था. भांडणं खूप होतात हे मान्य! आम्ही स्वत: सहा वर्षं सेक्रेटरी होतो, आम्हाला सांगू नका. पण तिथे राहणारा माणूस दुरुस्तीचा वाटा उचलतो, म्हणून त्याला प्रश्नही विचारता येतो आणि राहायचा हक्कही असतो. आंतरराष्ट्रीय स्थानकाच्या भागीदारीत हे थोडंफार होतं. कॅनडाने यांत्रिक हात दिला, जपानने प्रयोगशाळा दिली, आणि त्या बदल्यात त्यांची माणसं हक्काने राहिली. त्यांना पाहुणा कोणी म्हटलं नाही. २०३० नंतर स्थानक जाईल, त्याबरोबर राहण्याची ही पद्धतही जाणार असेल, तर तोटा फक्त लोखंडाचा नाही.

नातीला आम्ही तिकिटाचा आकडा सांगितला तेव्हा तिने लगेच दुसरा प्रश्न विचारला होता. "मग परत जायचं असेल तर परत तेवढेच द्यायचे?" आम्ही हो म्हणालो. ती म्हणाली, "म्हणजे आपलं तिथे काहीच नाही." या वेळी आम्हाला राग आला नाही.

आज इथेच थांबतो. पुढच्या वेळी चंद्रावरच्या जमिनीचा आणि तिथल्या खनिजांचा प्रश्न घेऊ.